नेमबाजाचे सुटे मेज

सन २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळविले आणि सन २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकाविले. अशा प्रत्येक यशानंतर गावोगावच्या पालकांचे लक्ष या खेळाकडे वळते. मात्र उत्साहाच्या मानाने जागा फार थोड्या. पुण्यातील बालेवाडीसारखी सुसज्ज संकुले सर्वांच्या वाट्याला कोठून यावीत? इंदूरला बदली होऊन आल्यावर ज्या हौशी मंडळाशी माझा परिचय झाला, त्याचा सराव चालतो तो एका मंगल कार्यालयाच्या सभागृहात, आणि तोही लग्नाची तारीख नसेल त्या संध्याकाळी, अवघे दोन तास. तेथे कायमचे काही मांडून ठेवण्याची सोय नाही. सुटे होणाऱ्या मेजाची कल्पना याच अडचणीतून पुढे आली.

वाचक विचारतील की, १० मीटरची स्पर्धा तर उभ्याने, कोणत्याही आधाराविना होते. मग मेज कशाला? शंका रास्त आहे. मेज स्पर्धेसाठी नाहीच. दर्शिका जुळविणे, निरनिराळे छर्रे पारखणे आणि नवशिक्याला नेम धरणे व चाप ओढणे एवढेच प्रथम शिकविणे, ही त्याची कामे. स्पर्धेतील रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने ते पेलावे, श्वास आवरावा आणि नेमही साधावा, ही अपेक्षा एकाच वेळी करणे मला तरी अन्यायाचे वाटते.

आमच्या मंडळातील एका मुलीची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तिचे छर्रे कार्डभर विखुरले जात. दृष्टीतच दोष असावा, असे ठरून तिचे नाव काढून घेण्याची तयारी घरी सुरू झाली होती. महूच्या छावणीतून निवृत्त झालेल्या आमच्या प्रशिक्षकांनी तिला मेजावर बसविले, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकविली आणि पाच छर्रे मारावयास सांगितले. पाचही छिद्रे एकमेकांना चिकटून पडली. डोळा उत्तम होता, बोटही शांत होते. उणीव होती ती खांद्याच्या आणि पाठीच्या बळाची. ते व्यायामाने येते. नाव काढण्याचा विषय त्या संध्याकाळपुरताच नव्हे, कायमचा मागे पडला.

अशी पारख करावयाची तर मेज स्वतः निर्दोष हवे. एअर रायफलच्या कार्डावरील दहाचे वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे असते. ९० सेंटिमीटर लांबीचे मेज बार उडतेवेळी एका टोकाला फक्त १ मिलिमीटर खचले, तरी १० मीटरवर छर्रा सुमारे ११ मिलिमीटर सरकतो. दहाचे सहा होतात! म्हणूनच आम्ही चार पायांचा मोह सोडला. फरशी कितीही उंचसखल असो, तीन पाय कधी डुगडुगत नाहीत.

तक्ता १८ मिलिमीटर जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायचा, ३६ इंच लांब व ३० इंच रुंद. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमधून असे तीन तक्ते निघतात आणि उरलेल्या भागातून पायांखालच्या पाचरी. उजव्या हाताच्या नेमबाजासाठी मागील डावा कोपरा कापून खाच करावी, म्हणजे छाती मेजाला भिडते आणि उजवे कोपर उरलेल्या भागावर विसावते. आम्ही तीनपैकी एका तक्त्याची खाच मुद्दाम उजवीकडे ठेवली; डावखुऱ्या मुलांना नेहमीच दुसऱ्यांच्या मापात बसावे लागते.

पाय एक इंची जीआय पाइपचे, ७० सेंटिमीटरचे, एका टोकाला आटे पाडलेले. दोन पुढच्या कोपऱ्यांत आणि तिसरा कोपराच्या खाली. तक्त्याच्या खालच्या अंगाला १० अंशांची पाचर घालून तीवर फ्लँज बसवावा, म्हणजे प्रत्येक पाय तळाशी सुमारे १२ सेंटिमीटर बाहेर झुकतो आणि मेज उलटत नाही. येथे सुतार हटकून लाकडी स्क्रू सुचवितो. ते मानू नये. पाय वारंवार चढविल्या-उतरविल्याने स्क्रू प्लायमध्ये ढिले होतात. चपट्या डोक्याचे आरपार बोल्ट, खाली वॉशर आणि नट, हेच टिकाऊ. पायांना काठीला लावतात तसे रबरी बूच बसविले की, कार्यालयाच्या फरशीची आणि व्यवस्थापकांची, दोघांचीही तक्रार राहत नाही.

वाळूच्या पिशव्या जुन्या जीन्सच्या पायाच्या उत्तम होतात. वाळू धुऊन कडक वाळविलेली असावी. पिशवी रायफलच्या पुढील लाकडाखाली ठेवावी, नळीखाली कदापि नाही. स्प्रिंगच्या रायफली याबाबतीत विशेष लहरी असतात: कठीण आधारावर त्या उसळतात व नेम भलतीकडे जातो, मऊ पिशवीवर किंवा उघड्या तळहातावर त्या शांत राहतात. मेजावर ठेवलेल्या रायफलचे तोंड सदैव निशाणाकडे आणि ती उघडी व रिकामी, हा नियम मात्र मोडू देऊ नये. छर्रे शिशाचे असल्याने खाऊच्या डब्यापूर्वी साबणाने हात धुणेही आलेच.

सर्व मिळून वजन साधारण तेरा किलो. आटे हातानेच आवळावयाचे, पान्याची गरज नाही. अधूनमधून मेणाचा हात फिरविला की पुरे. साडेआठला वेळ संपते तेव्हा मुले स्वतःच पाय फिरवून काढतात, तिन्ही कापडी पिशवीत घालतात आणि तक्ते जिन्याखालच्या सतरंज्यांमागे उभे करतात.