न थांबणारी पेशी

हत्तीला कॅन्सर फार कमी होतो, हे ठाऊक आहे का रे पोरांनो? भात पिकायला आलं की दांडेलीच्या बाजूने जे हत्ती शेतांत उतरतात, त्यांच्यातला एखादा मोठा नर चार-पाच टनांचा असतो. माणसाच्या कितीतरी पट पेशी त्याच्या अंगात. आयुष्यही जवळजवळ माणसाएवढंच. पेशी जास्त, तर बिघडायची शक्यताही जास्त. म्हणजे हिशेबाने प्रत्येक हत्ती म्हातारा व्हायच्या आत कॅन्सरने जायला हवा होता. रिचर्ड पेटो नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या आकाराचं हे कोडं १९७७च्या सुमाराला मांडलं, आणि ते पुढे कित्येक वर्षं कुणालाच सुटलं नाही. त्याचं उत्तर सांगतो, पण त्याआधी आपल्या स्वतःच्या अंगात उतरावं लागेल.

माणसाचं शरीर म्हणजे साधारण ३७ लाख कोटी पेशी. या सगळ्या एकाच पेशीपासून झालेल्या. आईच्या पोटात एकीच्या दोन, दोनांच्या चार, असं होत होत हात, डोळे, काळीज तयार झालं. जन्मल्यावरही हे थांबत नाही. आतड्याच्या आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, कातडी झडते आणि खालून नवी येते. गुडघा खरचटला की कडेच्या पेशी वाढायला लागतात, जखम भरते, आणि भरली की त्या थांबतात. मला विचाराल तर खरं नवल त्या थांबण्यात आहे. कुणी सांगितलं त्यांना की आता पुरे?

मुंबईला कमल रणदिवे नावाच्या बाई होत्या, पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या. काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवायची आपल्या देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. अशा भांड्यात निरोगी पेशी ठेवल्या तर त्या तळाशी एक थर होईपर्यंत पसरतात; शेजारणीला शेजारीण टेकली की वाढणं बंद. कॅन्सरच्या पेशी ठेवल्या तर त्या टेकल्यावरही वाढत राहतात, एकमेकींच्या अंगावर चढतात, ढीग करतात. कॅन्सरची सगळी गोष्ट या एका फरकात आहे.

आता हा फरक येतो कुठून? पेशीत डीएनएचे लांबलचक धागे असतात आणि त्यांवर ३०० कोटी अक्षरांत तिचं काम लिहिलेलं असतं. आईकडून एक प्रत, बापाकडून एक. पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर ही सगळी अक्षरं नव्याने उतरवून काढावी लागतात. तशी ती उतरतात, तेही काही तासांत, आणि चुका इतक्या थोड्या की ऐकून थक्क व्हावं. ज्या होतात त्यांतल्या बहुतेक चुका पेशी स्वतःच शोधून दुरुस्त करते. तरी एखादी राहतेच. राहिलेल्या बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण चूक जर "वाढ" म्हणणाऱ्या जनुकात, म्हणजे धाग्यावर लिहिलेल्या त्या हुकमात, झाली तर तो हुकूम कायमचा चालू राहतो. "थांब" म्हणणाऱ्या जनुकात झाली तर तो हुकूमच पुसला जातो.

थांबवणाऱ्या जनुकांत सगळ्यांत मोठं नाव पी-५३. धाग्याची मोडतोड झाली की ते पेशीला थांबवतं; दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या निम्म्याच्या आसपास कॅन्सरांत हेच जनुक बिघडलेलं सापडतं. आपल्याला आईची एक आणि वडलांची एक अशी त्याची एकच जोडी मिळते. २०१५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हत्तीच्या पेशी तपासल्या, तर तिथे या जनुकाच्या वीस जोड्या! हत्तीची पेशी जराशी जखमी झाली की दुरुस्तीची वाट न बघता मरून जाते. पेटोच्या कोड्याचं निदान अर्धं उत्तर तरी हेच आहे. आपल्या रानातला हा जीव इतक्या मोठ्या देहाने निर्धास्त फिरतो, त्यामागे असंख्य पेशींचं वेळेवर मरणं आहे.

माणसाच्या पेशीतही एका चुकीने कॅन्सर होत नाही. एकाच पेशीच्या वंशात एकामागून एक अशा अनेक चुका साचाव्या लागतात. मोठ्या आतड्यात आधी एक बारीकसा मोड येतो, तो मोठा होतो, त्यातल्या एका पेशीत आणखी एक बिघाड होतो, मग आणखी एक. यात दहा-दहा वर्षं जातात. म्हणून हा रोग उतारवयात जास्त दिसतो. लहान मुलांचे कॅन्सर वेगळे, त्यांना इतकी वर्षं लागत नाहीत, आणि त्यांतले बरेचसे आज नीट उपचारांनी बरे होतात.

बिघडलेली पेशी एकीच्या दोन, दोनांच्या चार होत राहते. तीस वेळा अशी दुप्पट झाली की शंभर कोटी पेशी होतात, आणि तेवढ्या पेशींची गाठ असते जेमतेम एक सेंटिमीटरची. म्हणजे बोटाला गाठ लागते तेव्हा तिची गोष्ट अर्ध्याहून जास्त होऊन गेलेली असते. त्याआधीच, एक-दोन मिलिमीटरला, ती अडते. रक्त पोचत नाही म्हणून आतल्या पेशी उपाशी राहतात. तेव्हा त्या असे पदार्थ सोडतात की आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना फांद्या फुटून त्या गाठीकडे वाढू लागतात. हा विचार ज्यूडा फोकमन या डॉक्टरांनी १९७१ साली मांडला, तेव्हा बहुतेकांना तो पटला नव्हता. पुढे काही पेशी जागा सोडतात, रक्तात किंवा रसवाहिन्यांत शिरतात, आणि फुप्फुसात, यकृतात, हाडात जाऊन बसतात. कॅन्सरने होणारे बहुतेक मृत्यू पहिल्या गाठीने होत नाहीत, या पसरण्याने होतात.

एक गोष्ट मनात पक्की धरा. ही पेशी बाहेरून आलेली नसते. ती त्याच माणसाच्या अंगातली, त्याच्याच रक्तावर पोसलेली असते, म्हणून शरीराचे शिपाई तिला सहजी ओळखत नाहीत. शिवल्याने ती दुसऱ्याच्या अंगात जात नाही. आजारी बाईचं ताट-वाटी वेगळं करणं, तिच्या घरी जाणं टाळणं, देवाचा कोप म्हणून आजार लपवून ठेवणं, हे मी आपल्या भागात पाहिलंय आणि मला ते फार लागतं. लपवण्यात जे महिने जातात, तेच महिने उपचाराचे असतात.

मग चुका वाढतात कशाने? काही आपोआपच होतात, नशिबाचा भाग. काही आपण वाढवतो. घरात सुपारीची बाग असताना हे सांगणं सोपं नाही, पण सांगतो: सुपारी, नुसती सुपारीसुद्धा, कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेने २००३ साली तसा स्पष्ट निर्वाळा दिला. वर्षानुवर्षं सुपारी चघळली की गालाच्या आतली कातडी ताठ आणि पांढरट होते, तोंड उघडेनासं होतं, भाकरीचा घास घेता येत नाही. त्यात तंबाखू आणि चुना आला की तंबाखूतली रसायनं थेट डीएनएला चिकटून अक्षरं बिघडवतात, आणि चुन्याने जागा पुन्हापुन्हा सोलवटली की तिथल्या पेशींना पुन्हापुन्हा दुप्पट व्हावं लागतं. पुडीतला गुटखा म्हणजे हेच सगळं, शाळेतल्या पोराच्या खिशात मावेल अशा रूपात.

ही सवयीची वाट आपल्याकडे नीट वाचली ती डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. मुंबईचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली उघडलं, तिथल्या प्रयोगशाळेचा कारभार त्यांच्याकडे होता. रोगी कुठला, काय खातो, काय नेसतो, हे ते विचारत. आंध्रात विशाखापट्टणमच्या बाजूला लोक चुट्टा, म्हणजे जाड विडी, पेटवून त्याचं जळतं टोक तोंडात धरतात. तिथे टाळूचा कॅन्सर. धोतर जिथे वर्षानुवर्षं आवळून काचतं, तिथे कमरेच्या कातडीचा कॅन्सर. १९४५ साली त्यांनी हे लिहून जगापुढे ठेवलं.

काही कॅन्सर विषाणूही करतात. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूने होतो; तो पेशीत शिरून पी-५३लाच निकामी करतो. इथे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, कॅन्सर नाही. मुलींना नऊ ते चौदा या वयात त्याची लस देता येते. मोठ्या बायकांची तपासणी किती कामाची, ते बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांत पाहिलं. २००९ साली निकाल आला: आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. एका तपासणीत! बिघाडाला लागणारी ती लांबलचक वर्षं इथे आपल्या उपयोगी पडली.

किरणांनीही डीएनए तुटतो. हे म्हटलं की काळी नदीच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कैगाचं अणुवीज केंद्र आठवतं. किरण किती पडले यावर सगळं असतं, म्हणून तिथली मोजमापं मागत राहणं हा आपला हक्क आहे, तो सोडू नका. पण तोंडातल्या तोबऱ्याचं मोजमाप मागायला कुठे जावं लागत नाही. तोंडातला व्रण किंवा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर कारवारला, बेळगावला, जिथे जमेल तिथे दाखवायचा. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला तो बहुतेकदा दुखतच नाही.

आता एक रानातलं नवल. अणशीकडच्या घाटात, मोठ्या झाडांच्या सावलीत, नरक्या नावाचं बुटकं झाड वाढतं. पान चुरगळलं की इतका घाण वास येतो की मान मागे जाते. त्याच्या सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन आहे. ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात, १९६६ साली, अमेरिकेत. शोधणारे दोघे: मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी. १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच रसायन नरक्यात मिळालं, आणि चिनी झाडापेक्षा भरपूर.

ते काम कसं करतं? सुंभाच्या दोन पिळलेल्या वाद्या टोकाला धरून वेगळ्या करून बघा. जसजशा त्या उलगडतात तसतसा पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि शेवटी हात पुढे जात नाही. डीएनएचेही दोन धागे असेच पिळलेले असतात, आणि प्रत काढताना तेच संकट येतं. मग एक एन्झाइम येतं, दोनांतला एक धागा कापतं, पीळ सुटू देतं आणि धागा परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापल्यावर आणि जोडण्याआधी त्या फटीत जाऊन बसतं. धागा जोडला जात नाही, प्रत काढणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते, दोन्ही धागे तुटतात, पेशी मरते. हे कोडं १९८५ साली उलगडलं. तोवर मूळ रसायन माणसाला फार जहाल ठरून बाजूला पडलं होतं. त्यात बदल करून केलेली दोन औषधं अमेरिकेत १९९६ साली मान्य झाली, एक अंडाशयाच्या आणि एक मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर. ज्या पेशी सतत दुप्पट होतात त्यांनाच त्याचा फटका बसतो, म्हणून रोग्याचे केस गळतात, जुलाब होतात. केसांच्या मुळांतल्या आणि आतड्यातल्या निरोगी पेशीही घाईच्या असतात.

या औषधापायी सिंधुदुर्ग, कोल्हापूर, साताऱ्याच्या रानांतून नरक्या चोरून तोडला गेला, मुळांसकट. २००५ साली जम्मूच्या शास्त्रज्ञांना नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी मिळाली, तीही कॅम्प्टोथेसिन बनवते. तिच्याकडून ते पुरेसं मिळवता आलं तर झाडं वाचतील.

आणि हे विष अंगात बाळगून झाड स्वतः कसं जगतं? कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या चिनी झाडात आणि त्याच्या काही दूरच्या सोबत्यांत २००८ साली दिसलं की त्यांच्या त्या कापणाऱ्या एन्झाइमच्या साखळीतली एकच कडी बदललेली आहे, म्हणून विष तिथे बसतच नाही. औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी शास्त्रज्ञांनी तपासल्या होत्या. त्यांच्यात, त्याच जागी, तीच कडी बदललेली होती. एका औषधातून पेशी अशी निसटते, म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा दोन-तीन औषधं एकत्र देतात.