शरदांतील स्टीलहेड मासा व क्लॅमथ नदीचें पाणी

अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत उगम पावून उत्तर कॅलिफोर्नियांतून पॅसिफिक महासागरास मिळणाऱ्या क्लॅमथ नदीच्या वरच्या खोऱ्यांत बटाटा, कांदा, सातू व लसूणघास पिकविणारे शेतकरी आहेत. खालच्या अंगास युरोक व कारुक या मूळच्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या तिच्या माशांवर निर्वाह करीत आल्या, आणि शरद ऋतु लागला कीं हौशी लोकही तेथें गळ घेऊन येतात. सर्वांची नजर एकाच पाण्यावर. म्हणून हा विषय केवळ हौसेचा नव्हे.

स्टीलहेड ही कांहीं निराळी जात नाहीं. आपल्याकडे काश्मीर, हिमाचल व निलगिरी येथील थंड ओढ्यांत परदेशांतून आणून सोडलेला जो इंद्रधनुषी ट्राउट आहे, तोच हा मासा. भेद राहणीचा. ट्राउट जन्मभर गोड्या पाण्यांत राहतो. स्टीलहेड बहुधा एक ते तीन वर्षें नदींत वाढून समुद्रांत उतरतो, तेथें पुष्ट होतो आणि अंडीं घालण्यास माघारी येतो. पॅसिफिकमधील सॅमन अंडीं घातल्यावर मरतो; स्टीलहेडपैकीं कांहीं मात्र जगून पुन्हां समुद्र गांठतात. शरदांत नदींत शिरलेला स्टीलहेड अंडीं घालतो तो हिवाळ्यांत किंवा वसंतांत, म्हणजे कित्येक महिने त्याचा मुक्काम नदींतच. क्लॅमथमध्यें ‘अर्धपौंडी’ म्हणून ओळखले जाणारे लहान स्टीलहेडही येतात. समुद्रांत थोडेच महिने काढून हे अपक्व मासे परततात, हिवाळा नदींत घालवितात व पुन्हां खाली जातात.

शरदच कां, याचें उत्तर पाण्याच्या उष्णतेंत आहे. उन्हाळ्यांत तापलेलें पाणी रात्री लांबूं लागल्या कीं निवतें आणि मासा हालचाल करूं लागतो. शिवाय याच दिवसांत सॅमन वाळूगोट्यांत खळगे करून अंडीं घालतो. त्यांतील सुटून वाहणाऱ्या अंड्यांवर ट्राउट व अर्धपौंडी तुटून पडतात. जाणता मनुष्य म्हणूनच त्या खळग्यांच्या खालच्या बाजूस गळ टाकतो, परंतु खळगे तुडवीत नाहीं. पिसें व केंस बांधून केलेली बनावट माशी प्रवाहास आडवी फेंकावी, दोरी ताणलेली ठेवून ती धारेबरोबर कांठाकडे फिरूं द्यावी, आणि मग दोन पावलें खाली सरकून पुन्हां फेंकावी. खळाळ संपून पाणी संथ होऊं लागतें ती जागा उत्तम. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेलें असतां गळ गुंडाळणेंच बरें, कारण थकलेला मासा अशा पाण्यांत सोडला तरी मरण्याचा धोका वाढतो. रानटी स्टीलहेड पाण्याबाहेर न काढतां, हात ओले करून सोडावा. उबवणी केंद्रांतील माशाचा पाठीवरील शेपटीजवळचा लहान मांसल पर कापलेला असतो, त्यावरून तो ओळखतां येतो.

आतां पाण्याच्या वांटणीची गोष्ट. २००१ सालीं अवर्षणांत माशांच्या रक्षणार्थ सरकारी कालव्यांचें पाणी बहुतेक शेतकऱ्यांस तोडण्यांत आलें. उभ्या शेतांचें नुकसान झालें व मोठा क्षोभ उसळला. पुढील वर्षीं कालवे वाहिले, पण सप्टेंबर २००२ मध्यें नदीच्या खालच्या भागांत तीस हजारांहून अधिक मासे, मुख्यतः सॅमन, मरून पडले. पाणी थोडें व उबदार, माशांची दाटी, आणि त्या दाटींत फैलावलेला कल्ल्यांचा रोग, असा तो योग होता. दोन्ही वर्षांत ज्याचें गेलें त्याचें खरेंच गेलें. एका पक्षास हट्टी ठरवून हा हिशेब मिटत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

२०२३ व २०२४ सालीं नदीवरील चार धरणें पाडण्यांत आलीं. तीं शेतीचीं होतीं असा कोणाचा समज होईल, परंतु तीं विजेचीं होतीं. त्यांपैकीं सर्वांत खालच्या आयर्न गेट धरणास मासे चढून जाण्याची वाट नव्हती, त्यामुळें वरची शेंकडों मैलांची नदी सॅमन व स्टीलहेडला बंद झाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्येंच सॅमन पाडलेल्या धरणांच्या वर ऑरेगनमध्यें पोंचला. त्याहून वरचीं लिंक रिव्हर व कीनो हीं धरणें मात्र उभीं आहेत. लिंक रिव्हर येथें अपर क्लॅमथ सरोवराची पातळी राखली जाते, आणि त्याच सरोवरांतून कालव्यांस किती व नदीस किती, हें दरवर्षीं पावसाबर्फाच्या मानानें ठरतें.