बॅलास्ट पाण्याची शुद्धी : आधी गाळणी, मग वीज

रिकामे जहाज समुद्रात नीट चालत नाही. मालाचे वजन नसले की ते पाण्यावर उंच तरंगते, पंख्याची पाती पाण्याबाहेर येतात आणि वाऱ्यात जहाज कलू लागते. म्हणून तळाच्या व बाजूंच्या टाक्यांत बंदरातलेच पाणी भरून घेतात. हे बॅलास्ट पाणी माल चढू लागला की बाहेर सोडले जाते. गोव्यातून लोहखनिज न्यायला येणारी जहाजे बहुधा रिकामी येत. मुरगावला खनिज चढे, तसतसे परदेशी बंदरातले पाणी झुआरी नदीच्या मुखाशी रिते होई. मुंबईत तेल किंवा इतर माल उतरवून परतणारे जहाज याउलट इथले पाणी दूर घेऊन जाते.

या पाण्याबरोबर शिंपल्यांच्या अळ्या, सूक्ष्म शैवाल, कोळंबीवर्गीय जीव आणि जिवाणूही प्रवास करतात. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा जेलीसारखा कंकतधर जीव निमिऑप्सिस काळ्या समुद्रात पोहोचला. त्याने माशांची अंडी आणि माशांचेच खाद्य फस्त केले, आणि तिथल्या अँकोव्ही मासेमारीवर मोठे संकट कोसळले. कॅरिबियन भागातला मायटिलॉप्सिस सॅलेई हा छोटा शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबईच्या बंदरांत वसला आहे. तो जहाजांच्या बुडाला चिकटून आला की टाक्यांतल्या पाण्यातून, हे ठामपणे सांगणे अवघड आहे. एकदा रुजलेला जीव मात्र बंदरातून हटवणे जवळपास अशक्य असते. २०००च्या सुमारास आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या बॅलास्ट पाण्यावरच्या ग्लोबॅलास्ट कार्यक्रमात जगातली सहा बंदरे प्रात्यक्षिकासाठी निवडली गेली, त्यांत मुंबई होती. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरांतल्या जीवसृष्टीची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली.

बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १३ फेब्रुवारी २००४ रोजी संमत झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ रोजी लागू झाला. त्यातला आधीचा मार्ग खोल समुद्रात पाणी बदलण्याचा होता : शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, निदान २०० मीटर खोल समुद्रात, किमान ९५ टक्के पाणी बदलायचे. खवळलेल्या समुद्रात टाक्या रिकाम्या करणे धोक्याचे, आणि तळाचा गाळ तरीही उरतोच. पुढचा निकष थेट जीवांच्या संख्येचा आहे. सोडल्या जाणाऱ्या पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे १०हून कमी, आणि १० ते ५० मायक्रॉनचे मिलिलिटरमागे १०हून कमी असले पाहिजेत. पटकीच्या जिवाणूसाठी वेगळी मर्यादा आहे. हे साधण्यासाठीच जहाजावर शुद्धीकरण यंत्रणा बसवतात.

पाणी भरताना पंपानंतर पहिली येते गाळणी. तिची जाळी साधारण ४० ते ५० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. मोठे जीव आणि गाळ तिथे अडतो. जाळी तुंबू लागली की दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि उलट्या प्रवाहाने ती आपोआप धुतली जाते. धुतलेला मळ त्याच बंदरात परत जातो, कारण ते जीव मूळचे तिथलेच असतात.

गाळणीतून निसटलेल्या जीवांना मारण्याचे काम विद्युतविघटन करते. समुद्राच्या पाण्यातले मीठ इथे कच्चा माल ठरते. जीव मारणारे रसायन बाहेरून आणावे लागत नाही, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य. मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांतून वीज सोडली की धनाग्रावर क्लोरीन तयार होतो, ऋणाग्रावर हायड्रोजन वायू आणि हायड्रॉक्साइड. क्लोरीन पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल होते. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइडही असल्याने या आम्लाचा मोठा भाग लगेच हायपोब्रोमस आम्लात बदलतो. ही आम्ले पेशींचे आवरण आणि विकरे निकामी करतात. काही यंत्रणांत सगळे पाणी विद्युतकोशातून जाते. इतरांत थोडा प्रवाह बाजूला काढून त्यात तीव्र द्रावण बनवतात आणि ते मुख्य नळात मिसळतात. हायड्रोजन स्फोटक असल्याने तो वेगळा करून, पंख्याच्या हवेत विरळ करून उघड्यावर सोडावा लागतो. या वायुवीजनात कसूर चालत नाही.

आपल्या किनाऱ्यावर या यंत्राची कसोटी पावसाळ्यात लागते. खुल्या समुद्राची क्षारता हजारी ३५च्या आसपास असते. झुआरी-मांडवीच्या मुखांशी पावसात ती बरीच उतरते, आणि हुगळीवरच्या बंदरांत तर पाणी जवळपास गोडे. मीठ कमी तर वीज नीट वाहत नाही, क्लोरीनही कमी तयार होतो. म्हणून काही जहाजे एका टाकीत आधीच समुद्राचे पाणी साठवून ठेवतात किंवा मिठाचे द्रावण मिसळतात. मुंबई बंदरातला गाळ ही दुसरी अडचण. जाळी सतत धुवावी लागते, पाणी भरायचा वेग मंदावतो आणि गाळातले सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाऊन टाकते. ऋणाग्रावर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसतो, तोही आम्लाने साफ करावा लागतो. यंत्राला मंजुरी मिळालेली आहे एवढ्याने भागत नाही. ते कोणत्या बंदरात, कोणत्या ऋतूत चालते हे पाहावेच लागते.

पाणी सोडताना गाळणी सहसा वगळतात. पाण्यात उरलेले ऑक्सिडीकारक द्रव्य संवेदक मोजतो आणि सोडियम थायोसल्फेट किंवा सोडियम बायसल्फाइट टाकून त्याचा प्रभाव संपवतात, नाहीतर बंदरातले मासेच मरतील. ब्रोमोफॉर्मसारखी उपउत्पादने थोड्या प्रमाणात उरतात, म्हणून अशा यंत्रणांना वेगळी पर्यावरणीय तपासणी पार करावी लागते. प्रत्येक भरणी आणि निचरा जहाजाच्या नोंदवहीत लिहिला जातो. बंदरातले निरीक्षक ती वही तपासतात आणि शंका आली तर सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा नमुनाही घेतात.