आरसेघरातले भय

संक्रांतीला सोलापुरी भरणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा मैंदर्गीकरांना नवी नाही. जत्रा म्हटली की वाकड्या आरशांचा तंबू आठवतो. काच उंचीच्या दिशेने बाहेर फुगवली की माणूस बुटका दिसतो, रुंदीच्या दिशेने फुगवली की काटकुळा. मुले पोट धरधरून हसतात. मग याच जागी नाटककाराला भय कसे सापडते?

ऑर्सन वेल्स यांच्या १९४७ सालच्या ‘द लेडी फ्रॉम शांघाय’ या चित्रपटाचा शेवट असल्याच आरसेघरात होतो. तेथे सपाट आरसे एकमेकांसमोर लावलेले. त्यामुळे एका माणसाची प्रतिबिंबांवर प्रतिबिंबे दिसतात. पतिपत्नी एकमेकांवर पिस्तुले रोखतात. पण खरा देह कोणता? गोळी सुटते, काच फुटते, आणि वैरी उभाच!

काच तीच, प्रकाशाचा नियमही तोच. जत्रेत आपण हसतो, कारण बाहेरचे दार ठाऊक असते आणि सोबतीचा हात हातात असतो. नाटककाराला निराळे भूत आणावे लागत नाही. तो दार लपवितो आणि सोबत्यालाच वैरी करतो. तंबूत मूल हसता हसता आईचा हात घट्ट का धरते, हे यावरून उमगावे.