घरात संगणक तीन, जोडणी एक : राउटर घेताना



लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा हल्ली उसाबरोबर राउटरचीही चौकशी होते. घरात मुलांचे दोन-तीन संगणक, आणि इंटरनेट सगळ्यांनाच एकदम पाहिजे. आम्हीही गेल्या साली चार अँटेना बघून महागाचा राउटर आणला आणि फसलो. वेग होता तेवढाच! दारे रुंद केले म्हणून पाटाचे पाणी वाढत नाही, हे उसाला पाणी पाजणाऱ्यास सांगायला नको.

म्हणून आधी जोडणी किती मेगाबिटची आहे ते पाहावे. १०० च्या वर असेल तर पोर्ट 'गिगाबिट' हवेत. साधे पोर्ट १०० वरच अडतात. फायबरसोबत आलेल्या डब्यातच पुष्कळदा वायफाय आणि पोर्ट असतात. मग दुसरा घ्यायचा कशाला?

एका जागचा संगणक तारेनेच जोडावा. 'कॅट-६' तार १०० मीटरपर्यंत चालते. बिनतारीसाठी ड्युअल बँड राउटर घ्यावा. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे लांब जाते. ५ ची वेगवान, पण जवळपुरती. राउटर घराच्या मध्यावर, उंच ठेवावा. लोखंडी कपाटाआड नको.

सोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि 'डब्ल्यूपीए-२' किंवा '३' सुरक्षा लावावी. उसाचे बिल बँकेत जमा होते, आणि बँकेचा व्यवहार आता याच जोडणीवरून चालतो. बांध फुटल्यावर दारे धरून काय उपयोग?