किंमत बदलण्याचा खर्च

मालाची किंमत बदलणे हे काम वरवर क्षुल्लक वाटले, तरी त्याचा भार दुकानावर मोठा असतो. डॅनियल लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाच सुपरमार्केट साखळ्यांचा अभ्यास करून १९९७ मध्ये दाखवून दिले, की नवी चिठ्ठी छापणे, ती फळीवर लावणे आणि त्यातील चुका निस्तरणे यांवर एका दुकानाचे वर्षाला सरासरी १,०५,८८७ डॉलर, म्हणजे विक्रीच्या सुमारे ०.७ टक्के, खर्च होत होते. अर्थशास्त्रात या खर्चाला ‘मेन्यू कॉस्ट’ म्हणतात आणि फळीवर कागदी चिठ्ठीऐवजी बसवली जाणारी इलेक्ट्रॉनिक किंमतपट्टी तो जवळजवळ नाहीसा करते.

बहुतेक पट्ट्यांचा दर्शनी भाग ई-पेपरचा असतो. त्यातील सूक्ष्म कुप्यांमध्ये विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे व काळे कण द्रवात तरंगत असतात, आणि विजेच्या दाबानुसार त्यांतले एका रंगाचे कण वर येऊन अक्षरे उमटतात. उमटलेली अक्षरे टिकवण्यासाठी वीज लागत नसल्याने लहानशी बॅटरी कित्येक वर्षे पुरते. नवा दर मध्यवर्ती संगणकाकडून रेडिओलहरींद्वारे किंवा अवरक्त किरणांद्वारे पट्टीपर्यंत पोहोचतो, आणि बिलाच्या काउंटरलाही तोच दर मिळत असल्याने फळीवरची किंमत व बिलातली किंमत यांतील तफावत कमी होते. वॉलमार्टने २०२६ पर्यंत २,३०० दुकानांत अशा पट्ट्या बसवण्याचे जून २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा दोन दिवसांचे काम काही मिनिटांत होईल, असे सांगितले होते.

मात्र दर बदलण्यातील हीच कटकट आजवर ग्राहकाचे नकळत रक्षण करत होती, कारण उन्हाचा कडाका वाढताच आइस्क्रीम महाग करणे कागदी चिठ्ठीच्या काळात परवडणारे नव्हते. एलिझाबेथ वॉरन आणि बॉब केसी या अमेरिकी सिनेटरांनी ऑगस्ट २०२४ मध्ये क्रोगर या सुपरमार्केट कंपनीला पत्र लिहून, या पट्ट्यांमुळे अशी दरवाढ सोपी होईल, अशी भीती मांडली. नॉर्वेतील रेमा १००० या साखळीने दुकान उघडे असताना दर केवळ उतरवायचे आणि वाढ बंद वेळेतच करायची, असे बंधन स्वतःवर घालून घेतले आहे. भारतात वेष्टनबंद मालावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त दर घेता येत नाही, त्यामुळे तेथे वरची मर्यादा कायद्यानेच आखलेली आहे. सुटी भाजी, फळे आणि धान्य यांना मात्र तसे छापील संरक्षण नाही.

म्हणून या पट्टीला विरोध करण्यापेक्षा, दर केव्हा आणि किती वेळा वाढवता येईल याचे जाहीर नियम करणे अधिक गरजेचे आहे. जे रक्षण पूर्वी खर्चामुळे आपोआप होत होते, ते यापुढे नियमांनीच करावे लागेल.