राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता घसरते म्हणजे काय होतं?

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता घसरली, अशी बातमी आली की आपल्याकडेही लगेच बोललं जातं, ‘आता हे पुन्हा निवडून येत नाहीत.’ या आकड्यांमधून भलतेसलते निष्कर्ष काढले जातात, म्हणून ते मुळात काय मोजतात ते नीट समजून घ्यायला हवं.

गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था 1930च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक दशकं जो प्रश्न विचारत होती, तो अगदी साधा होता: राष्ट्राध्यक्षांचं काम तुम्हाला पसंत आहे की नाही? त्यात प्रतिस्पर्ध्याचं नाव नसतं. मतपत्रिकेवर मात्र ते असतं. म्हणूनच हा आकडा म्हणजे मतांचा अंदाज, हा पहिला गैरसमज. 1948च्या मे-जूनमध्ये हॅरी ट्रुमन यांच्या कामाला पसंती देणारे जेमतेम 40 टक्क्यांच्या आसपास होते, तरी नोव्हेंबरात त्यांनी टॉमस ड्युईंना हरवलं. रोनाल्ड रेगन जानेवारी 1983मध्ये 35 टक्क्यांवर होते. पुढच्याच वर्षी त्यांनी 50पैकी 49 राज्यं जिंकली.

दुसरा गैरसमज: युद्ध जिंकलं की खुर्ची पक्की. थोरल्या जॉर्ज बुश यांचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. 1991च्या फेब्रुवारीअखेर कुवेत मुक्त झालं आणि बुश 89 टक्क्यांवर पोहोचले. गॅलपने तोवर नोंदवलेली ही सर्वाधिक पसंती होती. पण तेव्हा देशात मंदी चालू होती. कागदोपत्री ती मार्च 1991मध्ये संपली, तरी बेरोजगारी वाढतच राहिली आणि जून 1992मध्ये 7.8 टक्क्यांवर गेली. नवे कर लावणार नाही, हे 1988च्या प्रचारातलं वचन बुश यांनी 1990मध्ये मोडलं होतं, तेही लोक विसरले नव्हते. 1992च्या उन्हाळ्यात पसंती 29 टक्क्यांवर आली आणि नोव्हेंबरात बुश हरले. मंदी पावणेदोन वर्षांपूर्वीच संपली होती, असं अर्थतज्ज्ञांच्या समितीने अधिकृतपणे जाहीर केलं ते डिसेंबर 1992मध्ये, निकालानंतर! मतदार असल्या घोषणांची वाट पाहत नाहीत. शेजाऱ्याला नोकरी मिळाली की नाही, हे त्यांना आधी दिसतं.

आकडा चढायला विजयच हवा, असंही नाही. एप्रिल 1961मध्ये क्युबातली ‘बे ऑफ पिग्ज’ मोहीम सपशेल फसली, आणि जॉन केनेडी 83 टक्क्यांवर गेले. संकटकाळी लोक राष्ट्रध्वजाभोवती गोळा होतात, ही कल्पना राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांनी 1970मध्ये मांडली. अशा वेळी विरोधी नेतेही काही काळ टीका आवरती घेतात. तेहरानमध्ये अमेरिकी ओलीस धरले गेल्यावर जिमी कार्टर यांची पसंतीही अशीच उसळली होती. ओलीस सुटेनात, तशी ती ओसरली आणि 1980ची निवडणूक ते हरले.

घोटाळ्याने राष्ट्राध्यक्ष संपतोच, हे तरी कुठे खरं? डिसेंबर 1998मध्ये प्रतिनिधीगृहाने बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालवायचं ठरवलं, त्याच सुमारास त्यांची पसंती 73 टक्के होती. रोजगार भरपूर होते. रिचर्ड निक्सन यांना मात्र वॉटरगेट घोटाळा भोवला: जानेवारी 1973मधले 67 टक्के राजीनाम्याच्या वेळी 24वर आले. पण त्याच काळात महागाईही भडकली होती, हे विसरून चालणार नाही.

आणि आजचे 40 टक्के म्हणजे ट्रुमन यांच्या काळातले 40 टक्के नव्हेत. आयझेनहॉवर रिपब्लिकन असूनही जवळपास निम्म्या डेमोक्रॅट मतदारांना त्यांचं काम पसंत होतं. आता पक्षनिष्ठा इतकी कडवी झाली आहे की डोनाल्ड ट्रम्प पहिल्या कारकिर्दीत 34 ते 49 या पट्ट्याबाहेर गेलेच नाहीत.

हजारेक लोकांच्या चाचणीत तीन-चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. त्यामुळे पुढच्या वेळी ‘लोकप्रियता दोन टक्क्यांनी घसरली’ असं वाचलंत, तर आधीच्या तीन-चार महिन्यांचे आकडे शेजारी ठेवा आणि कोणत्याच पक्षाशी बांधील नसलेले मतदार काय म्हणतात ते पाहा.